पावण्याची चाल

४ जानेवारी, रविवार

हरलो. परत हरलो! आणि कुणाकडून – नृसिंह मास्तरकडून, ज्याला बुद्धिबळ मीच शिकवलं.

साध्या बुद्धिबळाचा आम्हा दोघांनाही कंटाळा आला, तेव्हापासून आमचा आम्ही खेळ वाढवत चाललोय. नियम मास्तरनं काढायचा, सोंगटी मी लेथवर काढायची, पितळेची. आतापर्यंतची झकास म्हणजे म्हैस. पटाच्या मधोमध बसते. कुणाला मारत नाही, कुणाकडून मरत नाही, दोन बाजूंनी दोघांनी ढोसल्याशिवाय उठत नाही. मास्तरनं ती काढली तेव्हा आमची शांतादेवी स्वयंपाकघरातून ओरडली, "म्हैस कशाला पायजे? ह्यांनाच बसवा की!" आठवडाभर हसत होतो.

आज हसलो नाही. माझा वजीर गेला. डाव्या कडेवरून त्याचा हत्ती आला. तो तिथं नव्हता. मी पट बघूनच चाल केली होती – नव्हता!

५ जानेवारी

हत्ती नव्हताच.

११ जानेवारी, रविवार

आज उंट. उजव्या कोपऱ्यातून. "हा कवा आला?" म्हटलं. मास्तर म्हणतो, "मगाशीच. तुझ्या डोळ्यांदेखत."

माझ्या डोळ्यांदेखत! उचगावात दुसऱ्याच्या लेथखालचा चुरा झाडत मी सुरुवात केली. आज कारखाना माझा आहे. डोळे मिटून नाही झाला तो. आणि कान तर त्याहून तिखट. बेअरिंग जायच्या आधी मला ऐकू येतं. माणूस खोटं बोलायला लागला की आधी त्याचा श्वास बदलतो, तेही ऐकू येतं. मास्तरचा श्वास बदलला नाही. म्हणजे सराव किती झाला असेल!

सोंगट्या सरकवल्याचा आवाज येत नाही, कारण बुडाला मखमल आहे. ती मीच चिकटवली. माझी मखमल मलाच नडली.

१४ जानेवारी, संक्रांत

मास्तर तिळगूळ घेऊन आला. "घे, आणि आता तरी जरा गोड बोल." घेतला. म्हटलं, आज नियम मी काढणार. नाव – हाकारा. जी सोंगटी हलवली तिचं नाव आणि घर मोठ्यानं सांगायचं. मंडईत ओरडतात तसं.

मास्तर खूश! शाळेत हजेरी घेतल्यासारखा खणखणीत – "हत्ती, डावी कड, तिसरं घर!" शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या.

जिंकलो. दोन्ही डाव. "भारी नियम काढलास की रुद्रा!" म्हणाला.

भारी? तोंड उघडावं लागलं, तसे तुझे हात बांधले गेले, गड्या. इतके दिवस काय चाललं होतं ते आज सिद्ध झालं. एवढ्या वर्षांचा दोस्त! मागितला असता तर डाव तसाच दिला असता मी.

१८ जानेवारी, रविवार

मास्तरची नवी सोंगटी – पावणा. पटावरच्या कुठल्याही मोकळ्या घरात उतरतो. तीन चाली त्याला मारायचं नाही, चहापाणी झाल्याशिवाय पावण्याला कोण हाकलतं? चौथ्या चालीला वजिरासारखा सुटतो. आणि त्याला हाकारा नाही.

"त्यालाच का न्हाय?"

"अरे, पावणं कवा सांगून येत्यात व्हय?"

शांतादेवी पदरात तोंड घालून हसली. तिच्या माहेरचे कालच न कळवता येऊन जेवून गेले. मी पण हो म्हणालो. मनात म्हटलं, काढलीस पळवाट, मास्तर.

तरी सोंगटी जीव लावून केली. डोक्याला फेट्याचा घेर काढला. घेऊन आत येताना चौकट खांद्याला लागली. "नोड्री! बघून चाला की!" ही ओरडली. चिडलं की हिचं कानडी बाहेर येतं. मी म्हटलं, चौकट तूच सरकवलीस.

२६ जानेवारी

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

झेंडावंदन झाल्यावर तालमीत खेळ मांडला. आकाराम वस्तादनंच गळ घातली होती, "आण्णा, तुमची म्हैस एकदा दावा की आमच्या पोरास्नी." माणसं जमली. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आलेला. म्हैस ढोसायला लागलो की सगळी तालीम ओरडायची. मजा चालली होती.

आणि उजव्या कडेवरून पावणा आला. माझा वजीर गेला.

"हा तू आत्ता ठेवलास."

"रुद्रा, त्याचं चहापाणी झालं. सगळ्यांनी बघितलंय."

"सगळे तुझेच विद्यार्थी!"

आकाराम मध्ये पडला. "आण्णा, बसलं हुतं की पावणं तिथं. मी बघत हुतो."

"तू गप रे. तुला पाढे ह्यानंच शिकवले."

मग मी तो शब्द बोललो. चोर. मोठ्यानं. हाकाऱ्यासारखा.

मास्तरनं चष्मा काढून पुसला. "मी मास्तर हाय, रुद्रा. चोर न्हाय." एवढंच बोलला आणि गेला. बोलताना त्याचा श्वास बदलला. मला ऐकू आला.

सापडल्यावर बदलतोच.

२७ जानेवारी

बरं झालं.

१ फेब्रुवारी, रविवार

मास्तरची सून अनुजा आली. त्याच्या घरी असलेल्या सोंगट्या पिशवीत घालून परत दिल्या. "मामांनी पाठवल्यात."

"काय म्हणाले?"

"काय न्हाय. जेवण सोडलंय त्यांनी. शाळेची जुनी पोरं भेटत्यात वाटंवर, म्हणून फिरायलाबी जाईनात."

मी तिच्यादेखत पिशवी उघडून बघितलं, सगळं आहे का म्हणून. पोरीनं मान फिरवली. ती गेल्यावर शांतादेवीनं माझ्या पुढ्यातला चहा उचलून नेला.

दुपारी पोराला, शिवकुमारला खेळायला बसवला. एका हातात फोन. "आप्पा, म्हैस मरत न्हाय, मारत न्हाय, मग ठेवायची कशाला?" ह्याला धंदा शिकवला. बाकीचं राहिलं.

५ फेब्रुवारी

गाडी कारखान्याच्या गेटला घासली. डावी बाजू पार आत गेली. गेट मीच बसवलेलं! शिवकुमार पुढ्यात उभा, "आप्पा, चष्म्याचा नंबर तपासा, न्हायतर चावी द्या." नंबर कसला तपासायचा? मापाच्या व्हर्नियरवरची बारीकातली बारीक रेघ अजून मी वाचतो. पण चावी काढूनच घेतली त्यानं. जाऊन येतो एकदा, त्याचं तोंड बंद होईल.

९ फेब्रुवारी

डोळ्याच्या दवाखान्यात एका पांढऱ्या घुमटात तोंड घालायला लावलं. नजर मधल्या ठिपक्यावर, आजूबाजूला दिवा लागला की बटण दाबायचं. मशीन आतून खटखट करत होतं, दिवे मात्र मोजकेच. उठताना तिथल्या पोरीला मी सांगितलं, तुमच्या मशीनचे कडेचे दिवे गेलेत, मिस्त्रीला दाखवा.

ती म्हणाली, "काका, दिवे सगळे लागले."

घरी येऊन पट मांडला. कडेच्या घरात घोडा ठेवला आणि मधोमध बघत बसलो. अंधार नाही. काळं नाही. धूसर नाही. नुसता घोडा नाही.

मान वळवली. होता.