रिकाम्या नावेचा वेग

३ नोव्हें., सोम. जळगाव
सकाळी अक्काचा फोन. नानांच्या नावेचा नवा परवाना अडलाय. जॅकेटं घेतली, विमा उतरवला, आता नवीन अट: नाव ताशी तीस कि.मी. पळाली पाहिजे. चाचणी १४ ला, रिकाम्या नावेची. आपली अठ्ठावीसला थांबते. बावीस वर्षं तापीवर माणसं इकडून तिकडे पोचवणाऱ्या माझ्या मेहुण्यांना आता विचारताहेत, किती पळता.
अक्का म्हणाली, "पूल वीस किलोमीटर लांब. नाव बंद पडनी ते बठ्ठ्या बाया कापूस वेचणीले कश्या जातीन?" बठ्ठ्या, म्हणजे गावातल्या सगळ्याच.
दुपारी वर्तमानपत्राला लेख द्यायचा होता. दिला. काय लिहिलं ते विचारू नये.

४ नोव्हें., मंगळ. धुळे
नाना स्टँडवरच भेटले. इंजिनांचं दुकान गाठलं. शेठनी कॅटलॉग उघडला. इंजिन तेच ठेवा, पाण्यातला पंखा बदला म्हणाले. पंख्याला पिच असतो, म्हणजे एका फेरीत तो पाण्यात किती इंच पुढे सरकेल ते. नानांचा अकराचा. शेठ: "तेराचा लावा. आकडा मोठा, धाव मोठी." आम्ही दोघांनी माना डोलावल्या. मी तर सायकलचा गिअर डोळ्यासमोर आणून स्वतःलाच शहाणा समजलो. नावेत किती जण बसतात हे शेठनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

७ नोव्हें., शुक्र. अक्काकडे
पंखा बसला. नावेत नाना नि मी, दोघंच. मोबाईलवर बत्तीस. परत येताना नानांनी उगाच पुन्हा एकदा थ्रॉटल पूर्ण उघडलं.
मग वेचणीच्या अकरा बाया, डबे, रिकामी गाठोडी. नाव नाक वर करून बसली, पुढे सरकेना. इंजिन कण्हतंय, काळा धूर. रोजच्या जवळपास दुप्पट वेळ.
"नाना, नाव बिमार शे का?"
दुसरी म्हणाली, "आज खाडा पडना ते तुमना नाववर."
सगळ्या हसल्या. नाना हसले नाहीत.

९ नोव्हें., रवि.
नानांच्या ओळखीचे धुळ्याचे युसुफभाई सोनगीरवरून मोटारसायकलने आले. जन्मभर विहिरीवरचे पंप दुरुस्त केलेला माणूस. नावेचं काम पहिल्यांदाच. फेऱ्या मोजायचं यंत्र इंजिनाला लावलं, नाव माणसांनी भरायला सांगितली, थ्रॉटल पूर्ण. इंजिनाच्या पुस्तकात मिनिटाला पाच हजारांच्या वर फेऱ्या हव्यात म्हटलंय. बेचाळीसशेच भरल्या.
"भाऊ, मोटार लहान आणि इंपेलर, म्हणजे पंपातला पंखा, मोठा, तशातली गोष्ट आहे. मोटार जळते, लोक मोटारीला शिव्या देतात. इंपेलरला कोणी बोलत नाही."
म्हणजे आकडा वाढवायचा नव्हता, कमी करायचा होता. दहाचा आणा म्हणाले. चार पुस्तकं चाळून मला जे कळलं नाही ते त्यांना धूर बघून कळलं. चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

११ नोव्हें., मंगळ.
शेठनी पंखा बदलून दिला, कुरकुर न करता. दहाचा लावला. अकरा बाया बसलेल्या, इंजिन मोकळं गातंय, नाक खाली आलं, ताशी बावीस. जुन्या पंख्यावर हीच भरलेली नाव अठरा जायची.
रिकामी मात्र सव्वीस. जुन्यापेक्षाही कमी.
तर हिशेब असा. तेराचा लावला की परीक्षा पास, माणसं नदीत रखडणार. दहाचा लावला की माणसं वेळेवर, नाना नापास. ही अट लिहिणारा माणूस कधी नावेत बसलाय का?

१२ नोव्हें., बुध.
परवाना कार्यालयात गेलो. साहेब तरुण, सभ्य. चहा मागवला. त्यामुळे आणखी चीड आली, कारण ओरडता येईना.
"सर, चाचणी रिकाम्या नावेचीच. सगळीकडे तोच नियम."
"रिकामी नाव चालवतं कोण?"
"फॉर्ममध्ये रकानाच तेवढा आहे."
मग आवाज खाली आणून, "काका, चाचणीला तेरा लावा, दुसऱ्या दिवशी दहा. कोण बघतंय?"
कान तापले. पण खरं लिहायचं तर, कालपासून हीच युक्ती माझ्याही डोक्यात घोळत होती. संध्याकाळी नानांना सांगितलीसुद्धा. त्यांनी जाळं गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतलं.
"परवानावर पंखाना नंबर लिखतस. कागदवर तेरा, पानीमा दहा. उद्या काही व्हयनं ते विमावाला काय म्हनी?"
जाळं खांद्यावर टाकून, "आनि रिकामी नाव कोनले जोयजे, भाऊ? ती ते वाराबी ढकली देस."
पस्तीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांच्या चुका दुरुस्त करून पोट भरलं. ही चूक मला दिसली नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
सकाळी सात. साहेब फॉर्म घेऊन काठावर. नाना नाव घेऊन आले ते अकरा बायांसकट. पंखा दहाचा.
"यांना उतरवा आधी."
"साहेब, त्यास्ना कामना टाईम शे. तुमीच बसा."
बाया सरकल्या, जागा केली. कोणी उतरायला तयार नाही. साहेब एकदा माझ्याकडे बघून बसले, जॅकेट घातलं, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली. मी मागे. मधल्या धारेत नानांनी पूर्ण उघडलं. साहेबांच्याच मोबाईलवर बावीस.
पलीकडे लागल्यावर बायांतली एक, "साहेब, उतरा. का वेचणीले येतस?"
साहेबही हसले.
परतताना रिकामी चाचणी घेतली नाही. उशीर झाला म्हणाले. फॉर्म मांडीवर. रकाना एकच, रिकामी नाव. पेन काढलं, परत खिशात ठेवलं. मग पेन्सिलीने समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'भरलेली, बारा प्रवासी, २२.' पडताळून पाहिलं मी, नाना सोडून, मला धरून तेरा होतो.
"वर विचारतो. मग पेनाने करतो."
बावीस वर्षांचं काम, आणि ते समासात, पेन्सिलीने. अक्काने त्यांना जाताना केळीची फणी दिली. तिच्या जागी मी असतो तर दिली नसती.

१५ नोव्हें., शनि. जळगाव
पहाटे उठून सगळं लिहून काढलं, चारशे शब्द. माणसांची नावं नाहीत, नियम आणि नाव एवढंच. पाठवण्याआधी नानांना फोनवर वाचून दाखवलं. मागे इंजिनाचा आवाज, बायांची बडबड.
"आते छापू नको, भाऊ."
"का?"
"साहेबनी पेन्सिलनं लिखेल अजून खोडेल नही."
जुना परवाना तीस तारखेला संपतो. तोवर थांबतो म्हटलं. त्यापुढे एक दिवसही नाही.