चार नंबरचं गाणं

४ डिसेंबर
झाला अल्बम! सात गाणी. शब्द माझे, चाल माझी, गळाही माझाच. सहा वर्षं ऑर्केस्ट्रात लोकांच्या हळदीत दुसऱ्यांची गाणी म्हटली. ही माझी गाणी सणसवाडीत, ऑर्केस्ट्रातल्या अजीमच्या खोलीत, दाराला गादी टेकवून रेकॉर्ड केली.

धास्ती फक्त चार नंबरची. त्यात माझा मोडलेला साखरपुडा आहे. भर मांडवात मी नाही म्हटलं आणि आप्पांनी पाहुण्यांसमोर डोक्यावरची टोपी काढली. तेव्हापासून माझा बाप माझ्याशी बोलत नाही. चार वर्षं! जेवायचा निरोपही आईमार्फत. हे गाणं आमच्या गावात, न्हावऱ्यात वाजता कामा नये, असं अजीमला बजावलंय.

६ डिसेंबर
गधडा अजीम! ‘ट्रॅक्टरवर चांगलं वाजलं म्हंजी कुठंबी वाजंल’ — हे त्याचं शास्त्र. म्हणून त्याच्या बाबुलाल मामांच्या उसाच्या ट्रॅक्टरला पेन ड्राइव्ह लावून पाहिला, आणि काढायचा विसरला. मामा गेले कारखान्यावर. ऊस तोलायच्या काट्याच्या रांगेत सगळ्या ड्रायव्हरांनी गाणी उतरवून घेतली!

७ डिसेंबर
सकाळपासून रस्त्यावर मीच वाजतेय.

१० डिसेंबर
कांदा लागणीला गेले, पदरात तोंड लपवून. तर झुंबरबाई वाफ्यात वाकून चार नंबर गुणगुणतायत! मधेच त्यांची स्वतःची ओळ — बाराव्या वर्षी लग्न लावताना मला कुणी विचारलंच नाही, अशी. मग सुलक्षणानं एक जोडली, नवऱ्याच्या घोरण्यावर. दुपारपर्यंत माझं गाणं अकरा कडव्यांचं झालं. हसण्याच्या नादात रोपं वाकडीतिकडी लागली. मालकीण रागवायला आली, तीही एक ओळ घालून गेली. स्टेजवर इतकी सुखी मी कधीच नव्हते.

आप्पांनी ऐकलं असेल का?

१३ डिसेंबर
गोठ्यात दुधाची किटली आणायला गेले. आप्पा धार काढत होते. मान वर न करता बोलले — मला, थेट मला!

“टोपीचं चुकलंय तुझ्या गाण्यात. लाजंनं न्हवती काढली. तू न्हाई म्हणालीस आन् डोळं भरलं माझं. पुसाय रुमाल सापडंना.”

मग चार वर्षं बोलला का नाहीत, विचारलं.

“तुझ्या आधी मी न्हाई म्हणाया पायजे हुतं. बापानं. त्याची लाज हुती.”

आठव्या गाण्याची पहिली ओळ आप्पांची.