कानवाल्या कपाचा लिलाव

अष्टमी, रोहा
रविवार, दुपारची चहाची वेळ

प्रिय सरू,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसले आहे. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते तुला कापता यायचं नाही. फार तर फाडशील. पण फाडण्याआधी वाचशील हे मला पक्कं ठाऊक आहे. पेणला डी.एड.ला एका खोलीत राहायचो तेव्हा माझ्या अब्बांची पत्रं माझ्या आधी तूच वाचायचीस आणि वर मलाच सांगायचीस, की ताजू, तुझ्या अब्बांचं अक्षर मुंगीला चहात बुडवून कागदावर सोडल्यासारखं आहे. ती खोड सुटली असेल यावर माझा विश्वास नाही.

गेल्या आठवड्यात तुझे यजमान, महिपती भाऊजी, येऊन गेले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. स्पर्धेसाठी तू केलेल्या कपाच्या पैशांचं मी पाठवलेलं पाकीट त्यांनी कट्ट्यावर ठेवलं आणि खाली मान घालून निरोप सांगितला, "सरू बोलते, आधी पोरीचा पुरा करा, मंग माजा बगू." मग हळूच असंही सांगून गेले, की सुरभीचे बूट तू माळ्यावर टाकलेस आणि यापुढे रोह्याला फुटबॉल खेळायला जायचं नाही असं बजावलंस. कपाचे पैसे पुरते मिळाले नाहीत हे तू गिळलं असतंस, पण पोरीच्या मानधनालाही कात्री लागली हे तुला लागलं. लागणारच. मी तुझ्या जागी असते तर पाकीट परत करून थांबले नसते, टेम्पो करून भांडायला आले असते. पण आता सगळं ऐक. तुला अर्धंच माहीत आहे, आणि उरलेलं अर्धं जिने सांगायचं ती तोंड उघडणार नाही.

आमचा फहाद कुवेतहून आला तो डोक्यात फुटबॉल घेऊनच. पुतण्या म्हणून मी त्याची बाजू घेत नाही, पण पोरगा लबाड नाही, खुळा आहे. क्लब काढला, मुलांचा संघ केला, मुलींचा केला, आणि अष्टमीच्या मैदानावर गोव्यापर्यंतचे संघ बोलावून स्पर्धा भरवली. मला अजून ऑफसाइड म्हणजे काय ते कळत नाही, पण सुरभीने पेनल्टी अडवली तेव्हा मीसुद्धा खुर्चीवर उभी राहून ओरडले होते. गुडघा त्यानंतर दोन दिवस बोलत होता. तिची ती मनगटं बघून कुणीतरी विचारलं, ही जिमला जाते का? मी म्हटलं, नाही रे बाबा, हमरापूरला आईच्या गणपतीच्या कारखान्यात शाडूची माती मळते.

मैदान तर भरून वाहत होतं, मग क्लब बुडाला कसा असं सगळे विचारतात. अगं, तिकिटं छापली होती, पण अष्टमीत तिकीट विकायचं कुणाला? हा मामू, तो चाचा, ती खालाची सून. नदीच्या पुलापलीकडून रोह्याची माणसं आली ती एक तर फहादच्या वर्गातली, नाहीतर त्याच्या बापाच्या दुकानातली जुनी गिऱ्हाइकं. जो तो फाटकावर येऊन एवढंच म्हणायचा, "काय रं, आपल्याला पन तिकीट?" की फहाद लाजून पास काढून द्यायचा. पाहुण्याकडून पैसे घ्यायचे नाहीत हे आमच्या घरचं वळण, आणि इथे तर सगळं गावच पाहुणं. गल्ल्यात खडखडाट. त्यात ज्या ठेकेदाराच्या भरवशावर एवढा डोलारा उभा केला, त्याचाच धंदा बसला. त्याच्या नावाचा जो मोठा फलक लावला होता, त्या फलकाचे पैसेसुद्धा क्लबच्याच अंगावर आले.

आणि तुझा तो कप! फहादला स्वतःपेक्षा उंच कप हवा होता. असला कप कधी केला नाय म्हणालीस आणि केलास. टेम्पोतून उतरला तेव्हा सोनेरी रंगाने डोळे दिपले, पण मी बघताक्षणी ओळखलं. दोन्ही बाजूंच्या कड्यांसाठी साचा नव्हता म्हणून तू गणपतीच्या कानांचे साचे वापरलेस ना? मी कुणाला बोलले नाही, पण पोरं काय आंधळी आहेत? दुसऱ्या दिवशी अख्खी अष्टमी त्याला कानवाला कप म्हणायला लागली. पुलावरून ढोल लावून आणला त्याला. जिंकला गोव्याचा संघ, पण कप त्यांच्या बसच्या दारातून आत जाईना. दार काढायचं की कान काढायचे यावर बराच खल झाला, आणि शेवटी ते बिचारे कपाबरोबर फोटो काढून निघून गेले. कप राहिला इथेच.

पुढे घेणेकरी जमले. दोन्ही काठांवरच्या पोरांचे कान मी शाळेत पिळलेत, म्हणून सगळ्यांनी मिळून निवाडा माझ्यावर टाकला. तुलाही निरोप होता, तू आली नाहीस. मांडववाला नाथा रोह्याहून आला, बिर्याणीच्या डेगा चढवणारा आमचा अब्दुल आला, दिवेवाला, जर्सीवाला, सगळे आले, आणि एका बाजूला खेळाडू. तिथे फहादने फुटबॉल संघटनेचा नियम वाचून दाखवला. खेळाडूंचं देणं मिटल्याशिवाय क्लबला पुढच्या हंगामात उतरता येणार नाही. बाकीच्यांचं बुडालं तरी संघटनेला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणजे क्लबचं सामान विकून जे येईल ते आधी खेळाडूंना पुरतं द्यायचं, आणि तळाशी काही राहिलंच तर मांडव, जेवण, दिवे आणि तुझा कप.

अब्दुल उसळलाच. "पोरा काय हवा खाऊन खेलली? माजी बिर्यानी पोटात होती म्हनून पाय उचलले त्यांचे!" नाथा म्हणाला, माझ्या मांडवाला पाय नाहीत म्हणून तो रांगेत मागे काय? आता तुझ्यापाशी खरं सांगते, माझी फार पंचाईत झाली. नियम मोडावा तर क्लब संपतो, पोरांचा खेळ संपतो. पाळावा तर ज्यांनी घाम गाळला ते उपाशी. आणि मधूनमधून तुझा चेहरा डोळ्यांसमोर यायचा, की वाटायचं नियम गेला खड्ड्यात. निवाडा करायला बसलेल्या बाईने मैत्रिणीचा चेहरा आठवू नये, पण आठवला, काय करू?

तेवढ्यात खेळाडूंमधून एक हात वर आला. नाव मागाहून सांगते. त्या खेळाडूचं म्हणणं असं होतं, "बाई, पंगतीत सगल्यांच्या पानावर पडल्याबिगर पयला घास कोन घेत नाय. हितं आमी पोटभर जेवायचा, नि ज्यांनी रांधला त्यांनी भांडी खरवडायची, ह्या नाय बरोबर. सगल्यांना सारखाच वाढा. थोडा आला तर थोडा खाऊ." मग काय, बाकीचे खेळाडू एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. अब्दुलची बिर्याणी सगळ्यांनीच खाल्ली होती ना! एकेक करत हात वर झाले. खेळाडूंनी आपणहून लिहून दिलं, की वाट्याला येईल त्यात आमचं देणं फिटलं. मग संघटनेलाही बोलायला जागा राहिली नाही आणि क्लबचं नाव टिकलं. मी डोळे पुसले आणि चष्म्याला धूळ लागल्याचं सगळ्यांना सांगितलं.

तरी मनात धाकधूक होतीच. जाळ्या, खांब, जनरेटर, खुर्च्या विकून रुपयाला चार आणे पदरात पडले तरी पुष्कळ, असं मी धरून चालले होते. पण फहादने लिलाव पुकारायला बोलावला कुणाला? आमच्या मशिदीला दिलेला कोंबडा आणि रोह्याच्या सार्वजनिक गणपतीच्या प्रसादाचा नारळ, दोन्ही जो म्हातारा पुकारतो, त्यालाच! आपल्याकडे असल्या लिलावात वस्तूची किंमत कुणी करत नाही, बोली लावणाऱ्याची होते. म्हाताऱ्याने त्याच सुरात आरोळी दिली आणि माणसं विसरलीच, की हे पुण्याचं काम नाही, बुडालेल्या क्लबची मोडीत काढलेली चीजवस्तू आहे. पंक्चर झालेला फुटबॉल कोंबड्याच्या भावाने गेला. शिट्टीसाठी दोन सख्खे भाऊ भांडले.

मग आला तुझा कप. नाथा म्हणाला होता, ज्याचे पैसेच दिले नाहीत ती वस्तू करणाऱ्याला परत जावी. ते मलाही पटलं होतं आणि मी तुझ्याकडे माणूसही पाठवला होता, पण तू कळवलंस, की कारखान्यातून निघालेली मूर्ती आम्ही परत घेत नाही, कपालाही तोच नियम. म्हणून तो लिलावात ठेवला. नाथाने बोली लावली, अब्दुलने वाढवली. नाथा ओरडला, कप रोह्याला जाणार. अब्दुल म्हणाला, पूल ओलांडून तर दाखव. दोन्ही काठांची माणसं त्यांच्या मागे उभी राहिली आणि दोघांच्याही बायका त्यांचे सदरे ओढत होत्या. शेवटी नाथाने कप मारला. मी आकडे मांडले तर क्लब नाथाला जेवढं देणं लागत होता, त्याहून जास्त आता नाथाच क्लबला देणं लागत होता. बिचाऱ्याने स्वतःची वसुली स्वतःच्याच खिशातून केली. शब्दाचा पक्का, पैसे भरले त्याने, फक्त घरी जायला संध्याकाळपर्यंत धजला नाही.

त्यामुळे रुपयाला चार आण्यांऐवजी बारा आणे आले. ते सगळ्यांना सारखे वाढले, अब्दुलला, दिवेवाल्याला, खेळाडूंना आणि तुलाही. तुला मी एक पैसा जास्त दिला नाही. माझ्या पेन्शनीतून वरचे चार आणे घालून गुपचूप पाठवावेत असं मनात आलं होतं. पण मग ती पंगत कसली राहिली असती? आणि नाथाची काळजी करू नकोस. तो आता लग्नाच्या मांडवात दाराशी तुझा कप भाड्याने उभा करतो. नवरा-नवरी दोन्ही कानांना हात लावून फोटो काढतात. एवढी मागणी आहे, की त्याला आणखी दोन कप हवेत. मी त्याला सांगून ठेवलंय, हमरापूरला जायचं तर पैसे आगाऊ आणि पुरते घेऊन जा, आणि कान हवेत हे आधी बोल.

आता ते नाव. सरू, तो हात तुझ्या सुरभीचा होता. तिचे पैसे कुणी कापले नाहीत. खेळाडू म्हणून तिचं पान पहिल्या पंगतीत मांडलेलं होतं, अगदी काठोकाठ, आणि तुझं पान पार शेवटी, रिकामं. हे तिने ऐकलं आणि ती उठली. नंतर मला बाजूला घेऊन शपथ घातली, "आईला नको सांगू हां मावशी. ती बोलंल, माज्यासाटी तू तुजा कशाला सोरलास." ती शपथ मी आज मोडते आहे. पोरीने तुझ्या पानावर वाढलं आणि तू तिचेच बूट माळ्यावर टाकलेस, हे बघत मला गप्प बसवेना. दिवाळीनंतर मुलींचा संघ पुन्हा उतरतो आहे आणि गोलमध्ये उभं राहायला कुणी नाही. तू नाही म्हणालीस तर हा गुडघा घेऊन मीच उभी राहीन, मग होणाऱ्या गोलांचं पाप तुझ्या माथी. तुझं पाकीट माझ्या कपाटात आहे आणि ते मी पुन्हा पाठवणार नाही. पुढच्या रविवारी दोघी मायलेकी या. वाफवलेली गोड सांदणं करते, तिघी एकाच पंगतीत बसू. आणि हो, बूट काढायला पोरीला माळ्यावर चढवू नकोस. तू टाकलेस, तूच काढ.

तुझीच, अजूनही त्याच खोलीतली,
ताजू