भेटूनये

३ जानेवारी १९५६, मंगळवार. बदलापूर

ह्याही गोष्टीतला मुलगा दारातूनच परत फिरला. माझ्या कादंबऱ्यांची स्वच्छ प्रत सूनबाई करते, त्यामुळे चोरी तिथेच पकडली जाते. मालिनी म्हणाली, "मामंजी, अकरावं पुस्तक हे. एकदा तरी त्याला कडी वाजवू द्या की."

प्रकाशकांना महिनाअखेर शेवट हवा आहे. कुमार वाचकांची पत्रं येतात – पुढे काय झालं? मला तरी कुठे ठाऊक!

६ जानेवारी

ताईचं कार्ड. पंचेचाळीस वर्षांनी! 'क'चा तोच डौलदार पोटफुगा. लिहिते – "माझ्या मुलाला, हेमचंद्राला, अंबरनाथला कारखान्यात नोकरी लागली, राहायला क्वार्टरही मिळालं. आता आपल्यात एकच स्टेशन. तुझी पुस्तकं नातवंडांआधी मी वाचते. ये."

दिवसभर लिहिणं झालं नाही. चिंचेखालची ताई दिसत राहिली. साकीच्या चालीतली कविता म्हणायला शिकवताना पाटीवर बोटांनी ठेका धरायची. मी चुकलो की ठेका थांबायचा, रागावणं नाहीच. माझ्या सगळ्या पुस्तकांतल्या बहिणी तिथूनच उठून आल्या.

७ जानेवारी

जाता येत नाही. इथे तरी खरं लिहावं.

ताई एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली आणि बाविसाव्या वर्षी तिने कल्याणच्या एका मास्तरांशी पुन्हा लग्न केलं. साल १९११. मी ठाण्याला शिकत होतो. ती नवऱ्याबरोबर नागपूरला निघायची होती, तेवढ्यात अण्णांचं मोडीतलं पत्र आलं. शेवटची ओळ – तिला भेटू नये. मी भेटलो नाही. चार महिन्यांनी अण्णाच गेले. ताईची दोन पत्रं आली, त्यांना उत्तर दिलं नाही. वडिलांचा शेवटचा शब्द म्हणून पाळला. भित्रेपणाला असं भारदस्त नाव मिळालं की तो फार वर्षं टिकतो.

१२ जानेवारी

काही नाही. थंडी. कार्ड पुस्तकात खूण म्हणून ठेवलं आहे.

१७ जानेवारी

ते पत्र कादंबरीत घालावं असं मनात आलं. मालिनीला मोडी येत नाही आणि फिकी शाई माझ्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शेजारच्या विष्णुपंतांकडे नेलं. तीस वर्षं मामलेदार कचेरीत मोडी दप्तरं वाचलेला माणूस. चहाची बशी खाली न ठेवता त्यांनी घडाघडा वाचलं – "कुमुदिनी कल्याणास आहे. तिजला भेटून ये."

मी म्हटलं, "भेटू नये."

"असेल. मोडीत शब्द तोडून लिहितात का कुठे? सगळी अक्षरं एका रेघेला टांगलेली. भेटूनये. तोडणारा तोडेल तसं."

"पण तुम्ही भेटून ये म्हणालात."

"बाप मुलाला दुसरं काय लिहिणार हो?" आणि बशी तोंडाला लावली.

घरी कसा आलो आठवत नाही. अण्णांनी जा म्हटलं होतं? आणि मी 'न' अलीकडे घ्यायचा तो पलीकडे टाकला?

२२ जानेवारी, रविवार

गेलो. कडी वाजवली.

ताईने दार उघडलं. पांढरीशुभ्र झाली आहे, वाकली आहे. म्हणाली, "चपला आत काढ. बाहेरच्या कुत्रं नेतं."

मी चपला आत काढल्या. "किती म्हातारा झालास रे," असं म्हणून ती हसली. "तुझ्या त्या पोराला दहा वेळा दारातून परत पाठवलंस. दर वेळी वाटायचं, आतून आपणच जाऊन कडी काढावी."

मी पत्र दाखवलं. घोटाळा सांगितला. चष्मा पुसून तिने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग कागदाची जुन्याच घडीवर घडी घातली.

"भेटून ये असंच आहे," ती म्हणाली. "उशीर केलास एवढंच."

निघताना साकी म्हणायला लावली. दुसऱ्या चरणात अडखळलो. टेबलावरचा ठेका थांबला.

२४ जानेवारी

मालिनीला शेवट सांगितला. मुलगा कडी वाजवतो. ती म्हणाली, "देव पावला."

२५ जानेवारी

ट्रंकेतून अण्णांची बाकीची पत्रं काढली. भिंग घेऊन सगळी सत्तावीस वाचली. 'पत्र पावताच निघून येणे.' 'अभ्यास नेटाने करणे.' 'थंडीत उघडे हिंडू नये.' 'ये', 'जा', 'कर' असं एकदाही नाही. भेटायला सांगायचं असतं तर 'भेटून येणे' लिहिलं असतं.

ताईलाही ते तसंच लिहीत.

पत्रं पुन्हा बांधून ठेवली. रविवारी ताईकडे वालाचं बिरडं आहे.