आज त्याने नीट धरलं

मंगळवार, दुपार

ताई,

साष्टांग नमस्कार कागदावरच घे, प्रत्यक्ष घालायला गेले तर टाके उसवतील. मी बरी आहे. बाळ बरं आहे. आमचा बेकरीवाला कामावरून पिठाने माखून येतो आणि उभ्या उभ्या डुलक्या काढतो, म्हणजे नवराही बराच म्हणायचा. तू दुकान एकटी ओढतेयस, माझ्या वाट्याची घड्याळंही तुझ्याच टेबलावर आली असतील.

आता मुद्द्याचं. ताई, आज बाळ प्यायलं! माझ्या अंगावर, पोटभर, स्वतःच्या मर्जीने. पिऊन झाल्यावर त्याने आपणहून सोडलं आणि लग्नात जेवून आलेल्या पाहुण्यासारखा हातपाय टाकून आडवा झाला. हनुवटीवर दुधाचा ओघळ होता, तो मी मुद्दाम पुसला नाही. बेकरीवाल्याला पुरावा दाखवायचा होता.

तू म्हणशील, त्यात काय एवढं, बाळं पितातच. मीच तुला फोनवर सांगत होते ना, सगळं मजेत चाललंय म्हणून. मजा कसली? तो तोंडात धरायचा, जरा चोखायचा, सोडायचा आणि घर डोक्यावर घ्यायचा. मला चिरा पडल्या. तो चुळबुळ करायला लागला की मी उगाच पाणी प्यायला उठायचे. स्वतःच्या पोराला घाबरायचे गं मी. मग दूध काढून वाटी-चमच्याने पाजायचं, त्यातलं निम्मं त्याच्या मानेवर. जन्मानंतर उतरलेलं वजन वर यायचं नाव घेईना. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, शुक्रवारपर्यंत वाढलं नाही तर त्याला दवाखान्यात ठेवावं लागेल.

आज सकाळी घरी तपासायला येणाऱ्या नर्सबाई आल्या. खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "पाजा बघू. मी नुसती बघते."

मी बाळाला उशीवर ठेवलं, कोपर मांडीला टेकवलं, श्वास रोखला आणि वाकले. बाईंनी माझी वाकलेली पाठ आणि बोटं न्याहाळली. मग विचारलं, "तुम्ही काम काय करता हो?"

"घड्याळं दुरुस्त करते. बहीण आणि मी."

"तरीच. अहो, त्याला पाजायचंय की उघडून बघायचंय?"

मला हसू आवरेना आणि हसताना टाके दुखले. बाबांनी आपल्याला पहिल्यांदा टेबलावर बसवलं तेव्हा काय शिकवलं होतं? घड्याळ जागचं हलवायचं नाही, आपण त्याच्यापर्यंत वाकायचं, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मी नेमकी तशीच पाजत होते. पोर उशीवर, मी त्याच्यावर कमान होऊन, चिमट्यात धरल्यासारखं दोन बोटांनी त्याच्या तोंडात देत होते. बिचाऱ्याला नुसतं टोक मिळायचं. चिडेल नाही तर काय करेल?

बाईंनी मला मागे रेलायला लावलं. बाळ माझ्या अंगावर, पोटाला पोट लावून. "आता काही करू नका," म्हणाल्या. तो डोकं हलवत, नाक घासत शोधत होता आणि माझे हात नुसते शिवशिवत होते. "थांबा. तोंड मोठं उघडू दे." त्याने मोठ्या जांभईएवढा आ केला, बाईंनी माझा हात त्याच्या पाठीवर दाबला, आणि त्याने धरलं. खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले. मी दुखायची वाट बघत होते, ते दुखलंच नाही. मग मी कान लावला, कान तर आपले तयारच आहेत. ओढ, ओढ, घुटका. ओढ, ओढ, घुटका. अगदी एका लयीत. मला रडू आणि हसू बरोबरच फुटलं, तेव्हा बाईंनी मलाही पाणी पाजलं.

आत्ता दुपारी बाई नसताना पुन्हा लावलं. एकदा चुकलं, सोडवलं, परत लावलं, जमलं. म्हणजे नशिबाने झालं नव्हतं.

आता, जे लिहायचं टाळत इतकं लिहिलं, ते लिहिते. त्या दिवशी तू डबा घेऊन आलीस आणि बेकरीवाल्याने तुला दारातूनच सांगितलं, ती झोपलीय. मी झोपले नव्हते. आतल्या खोलीत दाराआड उभी होते, पोराने आवाज करू नये म्हणून त्याच्या तोंडात बोट देऊन. तुला ते कळलं असणार, कारण त्यानंतर तुझा फोन नाही.

आई गेल्यावर माझी वेणी, माझा अभ्यास, माझी आजारपणं, सगळं तूच केलंस. अजूनही टेबलावर माझा हात जरा अडखळला की तू म्हणतेस, "दे इकडे." रागाने नाही, मायेनेच म्हणतेस. आणि मी देते. तू आत आली असतीस, तो रडला असता, तू हात पुढे केले असतेस आणि मी दिला असता. तुझ्या कुशीत तो गप्प झाला असता, तर परत मागून घ्यायची माझी हिंमत झाली नसती. मला फार भीती वाटली, ताई. तुझी नाही, तुझ्या हातांना सगळं जमतं त्याची.

वजन वाढलंय की नाही, मला माहीत नाही. दोन वेळा प्यायल्याने चमत्कार होत नसतो, असं बाईच म्हणाल्या, आणि वाटी-चमचाही इतक्यात सुटणार नाही. तेव्हा मी जिंकून तुला बोलावत नाहीये. शुक्रवारची धास्ती आहेच, फक्त पोराची भीती गेली.

आमचा बेकरीवाला हे पत्र दुकानात आणून देईल, सोबत गरम पाव. दुकान बंद करून तशीच ये. बाळ रडेल, मला वेळ लागेल, कदाचित आधी चुकेलही. तू शेजारी बस आणि हात मांडीवर ठेव. त्याचं पोट भरलं की मी स्वतः त्याला तुझ्या हातात देईन, ढेकर तू काढ.

तुझी धाकटी,
आणि त्याची आई