शनिवारसाठी राखलेला पक्षी

२ मे, शनिवार

रानटर्कीच्या शिकारीच्या सीझनचा पहिला दिवस. साडेचारला ग्लेनच्या पोर्चचा दिवा दोनदा लागला-विझला. म्हणजे निघायचं. शेजारी राहतो म्हणून त्यानं मला शिकवायला घेतलं, त्याला हे चौथं वर्ष. माझ्या नावावर अजून एकही टर्की नाही.

ग्लेन चौऱ्याहत्तरचा. आयुष्यभर स्कूल बस चालवली. यंदा स्वतःची बंदूक घरीच ठेवून आला. म्हणाला, माझे पुष्कळ झाले, आता तुझा पहिला मागं बसून बघायचाय. जूनमध्ये खुब्याचं ऑपरेशन आहे. नंतर डोंगर चढता येईल का, यावर डॉक्टर काही बोलत नाही म्हणे.

ओकच्या बुंध्याशी बसलो. तो मागून लाकडी डबी घासून मादीचा आवाज काढत होता. नर एकदाही ओरडला नाही. पाऊस आला. त्याची कॉफी भयंकर असते, तरी प्यायलो.

५ मे, मंगळ.

ऑफिसात लंचला मिलिंद सगळ्यांसमोर, "विजयभाऊ, दुकानात सोललेला मिळतो न, काहून एवढा जीव टाकता?" हसलो. पण लागलं. चार वर्षं रिकाम्या हातानं परत येणारा माणूस म्हणजे ऑफिसची करमणूक.

संध्याकाळी ग्लेन कुंपणापाशी, खूश. काठी टेकत टेकत वरच्या कड्यापर्यंत गेला होता. मोठा नर झोपायला झाडावर चढला, ते त्यानं ऐकलं. पेपर टॉवेलवर जागेचा नकाशा काढून दिला. "शनिवारी जाऊ. तोवर तिथं पाऊल टाकायचं नाही. मीही टाकणार नाही."

टॉवेल पाकिटात ठेवलाय.

७ मे, गुरु.

गेलो. एकटाच. ऑफिसात डेंटिस्ट सांगितलं.

नुसता बघून येतो, असं स्वतःला सांगत होतो. मग बंदूक कशाला घेतली बे?

उजाडताना आला. पिसारा फुलवून, डोकं निळं-लाल, असा तोऱ्यात. ग्लेनचा नियम आहे, चाळीस पावलांच्या पुढं असेल तर बोट ट्रिगरवर न्यायचं नाही. मला चाळीसच वाटली. नंतर मोजली, पंचावन्न.

पडला. उठला. एक पंख ओढत उतारावरच्या झाडीत घुसला. दोन तास शोधला. पानांवर रक्त, चार पिसं. साडेनऊला मीटिंग होती. घेतली मीटिंग. काय बोललो, आठवत नाही.

त्याच दिवशी, संध्या.

बायकोला, सुजाताला सांगितलं. लपवता आलं नाही, बुटांना रक्त होतं. आमच्या घरात रोज बुद्धवंदना होते. मी शिकार सुरू केली तेव्हा ही चार दिवस बोलली नव्हती. मग म्हणाली होती, खायला मारतोस तर मार, पण एकही तडफडत सोडायचा नाही. मी शब्द दिला होता.

आज ओरडली असती तर बरं झालं असतं. "जिवंत असेल का रे अजून?" एवढंच विचारलं आणि कुकर लावायला गेली.

८ मे, शुक्र.

ऑफिसआधी पुन्हा गेलो. ओढ्यापर्यंत उतरलो, काटे, चिखल. काही नाही. कोल्ह्यानं नेला असेल तर सुटला बिचारा, असं मनात आलं. स्वतःचीच लाज वाटली.

परतताना ग्लेन मेलबॉक्सपाशी भेटला. "उद्या तयार ना?" तयार, म्हणालो. साला भित्रा.

९ मे, शनि.

दिवा दोनदा लागला. गेलो त्याच्यासोबत. चढताना तीनदा थांबला, दुखत होतं, पण चेहरा लग्नाला निघाल्यासारखा. मागं बसून दोन तास डबी घासली. मला माहीत होतं, उत्तर येणार नाही. तरी बसलो. इतका हलकटपणा मी आयुष्यात केला नव्हता.

"कुणीतरी घुसून गेलंय," म्हणाला. मी पिशवी आवरायला घेतली.

निघताना काठीनं पानं सारत होता. वाकला, काहीतरी उचललं. रिकामं काडतूस, हिरवं. ती हिरवी काडतुसं त्याच्याच जुन्या साठ्यातली, आता मिळत नाहीत. अख्खा डबा त्यानं मला ख्रिसमसला दिला होता. गुरुवारी शोधायच्या धांदलीत उचलायचं राहिलं.

खिशात टाकलं. गाडीत हवामानावर बोलला.

१० मे, रवि.

सकाळी वंदनेला बसलो. पंचशीलातलं पहिलंच, प्राणिहिंसेचं. मी नुसते ओठ हलवले. शेजारी लेक ओवी, नऊ वर्षांची, मोठ्यानं म्हणत होती. नंतर हळूच, "डिड इट हर्ट, बाबा?" आईकडून कळलेलं दिसतं. हो म्हणालो.

सु. म्हणाली, "त्याला सांगून टाक न बापा. त्याला माहीतच आहे. आता नाही सांगितलंस तर रोज खोटं बोलशील." खरं आहे तिचं.

११ मे, सोम.

गेलो. गॅरेज उघडं होतं. दाराच्या आतल्या बाजूला त्याच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, मिळालेल्या प्रत्येक पक्ष्याची उभी रेघ. मधेमधे गोल. पहिल्याच वर्षी सांगितलं होतं त्यानं, गोल म्हणजे लागून हरवलेला. तोही आपलाच धरायचा, टॅग, म्हणजे एका पक्ष्याच्या परवान्याची चिठ्ठी, फाडायचा, त्या वर्षी पुन्हा बंदूक उचलायची नाही. कायदा नाही हा, त्याच्या बापाचा नियम.

सगळं सांगितलं. पंचावन्न पावलंसुद्धा. टॅग त्याच्यासमोर फाडला.

ऐकत होता. मग खिशातून ते हिरवं काडतूस काढून बाकावर ठेवलं. "शनिवारी झाडाखाली बोलशील असं वाटलं होतं. परतताना मी मुद्दाम हळू चालत होतो."

माफी मागितली. मान हलवली त्यानं, कशाला हलवली कळलं नाही.

निघताना म्हणाला, "मला पक्षी नको होता, विज. मला तिथं असायचं होतं."

घरी येऊन जेवलो नाही.

१४ मे, गुरु.

मिलिंदनं विचारलं, "काही मिळालं?" एक मारला, हरवला, चूक माझी, असं सांगितलं. कुणी हसलं नाही. ग्लेन तीन दिवसांत कुंपणाशी आला नाही. त्याची काठी पोर्चवर तशीच आहे.

१६ मे, शनि.

चारलाच जाग आली. सवय. बंदूक कपाटात बंद, टॅगचे तुकडे ड्रॉवरमध्ये, जंगलात मला काही काम नाही. चहा केला.

साडेचारला त्याच्या पोर्चचा दिवा लागला. विझला.

पाच मिनिटं झाली. कचरा ठेवायला आला असेल. म्हातारा माणूस, झोप येत नसेल.

बूट घालून खिडकीशी बसलोय. दुसऱ्यांदा लागतो का बघतोय.