स्थळ पाहायला गेलो आणि शिडीवर चढलो

बिशान, सिंगापूर
मे २०१४

ती. मनोहरमामांस,

सारंगचा साष्टांग नमस्कार. (आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये पूर्ण आडवं होता येत नाही, तेव्हा गुडघ्यापर्यंतचा पोचला असं समजावं.) मामींची कंबर कशी आहे? तुमची नवी कवळी बसली का, की अजून डब्यातच? आम्ही दोघं बरे आहोत. ऋता माझ्याशी परवापासून पुन्हा बोलायला लागली आहे. मोबाइल असताना हा कागद कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फॅमिली ग्रुपवर लिहिलं तर बाबा वाचतात, आणि फोन केला तर तुम्ही स्पीकरवर टाकता.

तुम्ही आमच्या मैत्रेयीसाठी सुचवलेलं रूपेशचं स्थळ मी पाहून आलो. मुलगा उंच आहे, बंदरावरच्या कंपनीत चांगल्या नोकरीला आहे, वडील शामकांतराव बोटीवर मरीन इंजिनीअर, आणि आई गिरिजाकाकू बुकित बातोकच्या घरी अळूवड्या करतात. हे सगळं तुम्ही कळवलंच होतं. मुलगा रविवारी हौसेने अमेरिकन फुटबॉलची पंचगिरी करतो, हे मात्र तुम्ही कळवलं नव्हतं. तेवढं कळवलं असतंत तर पुढचं रामायण टळलं असतं.

झालं असं, की आंग मो किओच्या आमच्या ऑफिसात क्रेग नावाचा अमेरिकन साहेब आहे. त्याने कंपन्या-कंपन्यांच्या स्पर्धेत आमची टीम उतरवली आणि स्वतःच कोच झाला. खऱ्या खेळात माणसं एकमेकांवर रेड्यासारखी आदळतात; आमच्यात कमरेला फीत लावतात, ती ओढली की माणूस बाद. (आमच्या अकाउंट्सच्या माणसाची फीत ओढताना त्याची पँटही आली होती, पण ते असो.) माझं पोट पाहून साहेबाने मला खेळायला घेतलं नाही. मला एका शिडीवर बसवून हातात टॅब दिला आणि सगळं शूट करायला सांगितलं. कारण या स्पर्धेत कोचला पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येतं. क्रिकेटमधला तो रिव्ह्यू आपल्या बोर्डाला आवडत नाही ना, तसंच काहीसं. कोचने लाल रुमाल मैदानात टाकायचा, पंचाने येऊन व्हिडिओ पाहायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग टाकावा की रुमाल दर वेळी! इथेच तर खरी मेख आहे. सामन्यात दोनदाच टाकता येतो, आणि आव्हान फसलं की एक टाइम-आउट जातो. टाइम-आउट म्हणजे घड्याळ थांबवायची सोय. शेवटी मागे पडलेल्या टीमला तिची किंमत कळते, मुलीच्या लग्नात गॅस सिलिंडरची कळते तशी. म्हणून क्रेग म्हणायचा, राग आला म्हणून रुमाल टाकू नये, दोन पावलांच्या जागेसाठी तर मुळीच टाकू नये. बॉल कोणाचा किंवा गुण कोणाचे, असा मोठा प्रश्न असेल तरच टाकावा. पुढचा डाव सुरू झाला की आव्हानाचा हक्क गेला. म्हणून समोरची टीम एकाएकी घाईघाईने पुढच्या डावाला उभी राहिली, की समजायचं, त्यांच्या मनात खोट आहे. (मामा, हे मला लग्नाच्या बैठकीलाही लागू वाटतं.)

अंतिम सामना आमच्याच बिशानच्या मैदानावर, एका बँकेच्या टीमशी होता. मी रूपेशला म्हटलं होतं की सामन्यानंतर चहाला भेटू. मला वाटलं तो प्रेक्षक म्हणून येतोय. पाहतो तर पंचाचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून, शिट्टी वाजवत मैदानाच्या मधोमध! आणि गिरिजाकाकू छत्री आणि चिवड्याचा डबा घेऊन ऋताच्या शेजारी. मुलीचा भाऊ कसा आहे ते बघायला आल्या होत्या.

पहिल्याच डावात रूपेशने आमच्या माणसाला बाद दिलं. मी उत्साहाच्या भरात शिडीवरून ओरडलो, "टाका, टाका! साफ चूक आहे!" क्रेगने रुमाल टाकला. रूपेश आला, त्याने टॅब पाहिला. त्यात माझा अंगठा होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अगदी स्पष्ट. एक टाइम-आउट गेला. काकूंनी ऋताला विचारलं, "तो शिडीवरचा माणूस कोण गं? आमच्या रूपेशच्या मागेच लागलाय." ऋता म्हणाली, "काय माहीत बाई." (लग्नाला सहा वर्षं झाली, मामा.)

उत्तरार्धात बँकेच्या माणसाने लांबचा बॉल झेलला. रूपेशने झेल ग्राह्य धरला, आणि ती मंडळी धावतच पुढच्या डावाला उभी राहिली. मला शंका आली. क्रेग वर माझ्याकडे पाहत होता. एकीकडे साहेब, दुसरीकडे होणारी विहीण. मी मान डोलावली, रुमाल पडला. या वेळी अंगठा नव्हता आणि बॉल जमिनीवर टप्पा खाताना दिसला. रूपेशने निर्णय फिरवला आणि मला हळूच "थँक्यू हं, दादा," म्हणाला. तिकडे काकूंनी चिवड्याच्या डब्याचं झाकण लावलं.

आणि मग शेवटचा क्षण. आमच्या माणसाने कोपऱ्यात बॉल झेलला, रूपेशने दोन्ही हात वर करून गुण दिले, आम्ही जिंकलो! टीम नाचायला लागली. मी टॅबमध्ये पाहिलं, तर आमच्या माणसाची टाच रेषेबाहेर. शेवटच्या दोन मिनिटांत कोचला रुमाल टाकता येत नाही. पंचाला स्वतःला शंका आली तरच तो व्हिडिओ पाहतो. आणि मामा, त्या मुलाला शंका आली. तो सरळ माझ्या शिडीखाली येऊन उभा राहिला.

क्रेग मोठ्याने म्हणाला, "सारंग, बॅटरी संपली ना रे?" अर्थात इंग्रजीत.

बॅटरी हिरवीगार होती. पुढच्या महिन्यात माझ्या इथल्या नोकरीच्या पासचं रिन्यूअल आहे आणि त्यावर क्रेगची सही लागते.

रूपेश मराठीत म्हणाला, "दादा, टाच बाहेर होती का? मला नीट दिसलं नाही. खरं सांगा."

मामा, मी काही हरिश्चंद्र नाही. पण मनात आलं, आज याला फसवलं आणि उद्या हा जावई झाला, तर दर दिवाळीला याच्यासमोर बसून फराळ करायचा आहे. मी टॅब खाली दिला. त्याने पाहिलं, मैदानाच्या मधोमध जाऊन सगळ्यांदेखत सांगितलं की माझी चूक झाली, गुण रद्द. आम्ही हरलो. काकू छत्री मिटून निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "त्या शिडीवाल्याचं नाव तरी कळू दे." ऋताला अखेर सांगावं लागलं, "आमचे हेच ते."

माझं मत विचाराल तर मुलगा लाखात एक आहे. न विचारता स्वतःची चूक शोधायला येणारा पुरुष आपल्या घराण्यात अजून झालेला नाही. मामींना नमस्कार.

तुमचा,
सारंग

ता. क. : पत्राचं खरं कारण हे. काकू बाबांना फोन करणार आहेत. मी बाबांना सांगितलंय की मुलाची भेट हॉटेलात, चहावर, अतिशय खेळीमेळीत झाली. तरी तुम्ही पत्र मिळताच सांगलीला जाऊन काकूंच्या आधी बाबांना गाठावं. शिडीचा उल्लेख शक्यतो टाळावा.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मैत्रेयीचा फोन आला. माझ्यावर भयंकर चिडली आहे. ती आणि रूपेश गेले चार महिने एकमेकांशी बोलताहेत, हे मला आज कळलं. काकूंनी त्यांच्या मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ तिने पाहिला. रूपेश स्वतः म्हणतो टाच बाहेर होती, तरी ही म्हणते, आतच होती, त्याचं चुकलंच नव्हतं. तेव्हा सांगलीला जायची घाई नाही. कार्यालयाचं मात्र बघून ठेवा.